सावकाश येऊ द्या

तात्यांनी वायरलेसचा आवाज वाढवला, मग उगाच कमी केला आणि पुन्हा वाढवला.

"अहो तात्या, किती कान पिळाल त्या बिचाऱ्याचे?" पाळीच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "बोलायचं तेव्हा बोलेल तो."

तात्या ओशाळून हसले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर ओळीने टाक्या होत्या. देशाच्या अडीअडचणीला ठेवलेलं कच्चं तेल त्यांत असे. बाहेरून येणारं तेल अडलंच तर उघडायच्या, एरवी हात लावायचा नाही. या भरल्या टाक्या राखण्यातच तात्यांची नोकरी सरत आली होती.

"तुमच्यासारखा भरल्या टाकीला टेकून जन्म काढायचा नाही मला," असं म्हणून मुलगा घराबाहेर पडला आणि लागला तोही नेमका तेलाच्या जहाजावर. तेव्हापासून फोन यायचा तो आईला. तात्या शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे. पान मात्र उलटत नसे.

मग त्यांच्या मनात एक पाप शिरलं. मुलाचं जहाज इथे यायचं तर टाक्या रिकाम्या व्हायला हव्यात आणि टाक्या रिकाम्या व्हायच्या तर देशावर संकट यायला हवं. देवाकडे असलं मागता येत नाही. तात्यांनी मागितलं नाही. पण टाकीची पातळी बघताना मन चोरटं होई.

यंदा खरोखरच समुद्रातली वाट बंद झाली. टाक्या उघडल्या. पातळी उतरू लागली, तसे तात्या घरी गुणगुणत येऊ लागले.

"लोक गाड्या ढकलत नेतायत रस्त्याने," बायको कडाडली, "आणि तुम्हाला गाणी सुचतायत?"

तात्यांचा चेहरा पडला. बायकोने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "भरायला कुठलं जहाज येणार, कळलं का हो?"

वाट मोकळी झाली आणि जहाज आलं. मुलाचंच. पण एवढं मोठं धूड किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बांधून घ्यायचं, समुद्राखालच्या नळातून तेल सोडायचं आणि निघून जायचं. माणसं उतरत नाहीत. भर दुपारी खिडकीतून ते नखाएवढं दिसत होतं.

वायरलेस खरखरला. "किनारा, जहाजावरून बोलतोय. तेल सोडलंय. पोचलं की कळवा."

आवाज मुलाचाच होता. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलायचं यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"घ्या. माझा घसा बसलाय."

"आत्ता तर खणखणीत..."

"बसलाय म्हटलं ना!"

तात्यांनी बटण दाबलं. "जहाज, किनाऱ्यावरून बोलतोय. तेल पोचलं."

पलीकडे नुसताच वारा ऐकू आला. मग आवाज आला, जरा जपून. "बरं, किनारा. दाब?"

"ठीक आहे."

"मग वेग वाढवतो. उद्या दुपारपर्यंत मोकळे होऊ."

तात्यांनी दाबाच्या काट्याकडे पाहिलं. नळाने याच्या दुप्पट तेल सहज घेतलं असतं. जहाज विनाकारण रखडलं तर वरून जाब विचारला जाई, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं आणि त्याही काट्याकडेच बघत होत्या.

"वाढवू नका," तात्या म्हणाले. "सावकाश येऊ द्या."

"काही अडचण, किनारा?"

बाईंनी चष्मा काढला आणि त्या काचा पुसत बसल्या.

"अडचण काही नाही," तात्या म्हणाले.

तात्यांनी आवाजाच्या बटणाला हात लावला नाही.

"बरं," जहाजावरून आलं. "सावकाश सोडतो." मग थोडं थांबून, "दाब तासातासाला विचारायचा असतो, किनारा. मी मधूनमधूनही विचारत जाईन."