तिन्ही ठिकाणी गुरुचा फोटो

"दूध तोडलंय म्हणजे?" मी ओरडलेच.

"सकाळपासनं, ताई. जुलाब लागलेत ना! दूध-पानी बंद करून नुसती गुटी पाजा, असं लिवलंय."

माजिदा आमची शेजारीण. तिच्या मांडीवर सहा महिन्यांची कौसर रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी टाळूवरून हात फिरवला. टाळू खोल गेली होती.

"कुणी लिहिलंय?"

"आता मला अडानी समजू नका. तीन ब्लॉग बघितले. तिन्हीवर तेच. आन् तिन्हीवर तुमच्या गुरुचा फोटो हाय की! म्हणून तर इस्वास ठिवला."

तिनं मोबाइल पुढं केला. पिवळी कुंची घातलेला माझा लेक गुरु हसत होता. खाली ओळ होती: 'सोलापूरच्या या बाळाचे जुलाब दवाखान्याची पायरी न चढता थांबले.'

गेल्या उन्हाळ्यात याच गुरुला सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. नर्स सुई टोचत होती आणि मी त्याचे पाय धरून उभी होते.

गुरुला सासूबाईंकडे दिलं, माजिदाला उठवलं आणि रिक्षा थांबवली.

"आधी तिला पाज," मी म्हटलं. तिनं ओढणी ओढून घेतली. रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती. कौसर दोन घोट घ्यायची, मान टाकायची.

मी मोबाइलवर शोधायला फोटोखालचं ते आख्खं वाक्य टाकलं. कॉलेजात प्रोजेक्टच्या वेळी मॅडमनी डोक्यात भरवलं होतं: कुणी लिहिलं, कधी लिहिलं, लिहून त्याला काय मिळतं. तारखा लावून पाहिल्या. दोन ब्लॉग नुसती नक्कल होते. सगळ्यांत जुन्या ब्लॉगवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, डॉक्टरचं तर नव्हतंच. तळाला घरगुती गुटी मागवायचा नंबर तेवढा होता. तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये 'महेश्वरी वन्सं, अक्कलकोट' या नावानं आधीच होता.

दवाखान्यात कौसरला आत घेतल्यावर मी वन्संना फोन लावला.

"घरचाच फोटो हाय की गं. परक्याचा थोडाच लावलाय?"

"वन्सं, तो सलाईनवर होता! तुम्ही बघायला आला होतात!"

"येताना गुटी पन आनली होती न्हवं? झाला की बरा!"

"हितं एक पोर मरायला टेकलंय."

"लई शिकलीस म्हणून नणंदेला आरोपी करतीस व्हय? माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, रुद्राणी." फोन कट.

मग नवऱ्याचा आला. इतक्यात तिकडून कळलंच होतं.

"घरातलं घरात मिटवू. चारचौघांत काय लिहू नकोस. तायडीचं नाव खराब होतंय."

"आणि माझ्या पोराचं तोंड वापरलं ते?" मी म्हटलं. फोन ठेवला.

त्या ब्लॉगखाली मी लिहिलं: या बाळाची आई मी. माझं नाव रुद्राणी. हा दवाखान्यात सलाईननं बरा झाला. जुलाबात बाळाचं दूध तोडू नका. बटण दाबलं. 'तुमची प्रतिक्रिया मंजुरीनंतर दिसेल.' मंजुरी वन्सं देणार! माझ्याच लेकराबद्दल! मोबाइल भिंतीवर फेकावा असं वाटलं. खाली कुणीतरी विचारत होतं, चार महिन्यांच्या बाळाला चालेल का?

मी तिथंच स्वतःचा ब्लॉग उघडला, तेच सगळं पुन्हा लिहिलं आणि पहिल्याच ओळीत वन्संचा ब्लॉग नाव घेऊन टाकला.

डॉक्टर बाहेर आले. "वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर—" माजिदाला त्यांनी आत बोलावलं. मीही गेले.

मी काय लिहिलंय ते तिनं वाचून घेतलं.

"माझ्या पोरीचा फोटो टाका."

"नको गं. लोक तुलाच बोल लावतील."

"लावू द्या. खाली माझं नाव घाला. म्या दूध तोडलं हुतं, तेबी घाला. आई कोन हाय ते कळाय पायजे ना लोकास्नी."

मी मोबाइल धरला. माजिदानं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि कौसरचा सलाईनची पट्टी लावलेला हात दोन बोटांनी उचलून माझ्यासमोर धरला.