मिस्त्रीचं जहाज

मी एक मालवाहू जहाज बोलतेय. व्याकरणात जहाज ‘ते’ असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पहिल्या मालकाने मला आपल्या आईचं नाव दिलं, आणि बाईचं नाव कपाळावर घेऊन फिरल्यावर ‘ते’ म्हणून कसं राहायचं? तेव्हा मी बोलतेय तसं ऐकून घ्या, आणि जरा लवकर ऐका. माझ्याकडे वेळ थोडा आहे.

गोदीत माझं काम पुरं झालं तेव्हा ती आई स्वतः मला बघायला आली होती. कठडा घट्ट धरून ती वर चढली, सगळीकडे फिरली, आणि स्वयंपाकाची खोली एवढीशी का ठेवली म्हणून इंजिनियरांना चार शब्द सुनावून गेली. तिच्या मुलाच्या हाताखाली मी धान्य वाहिलं, लाकूड वाहिलं, कागदाची रिळं वाहिली. वेळच्या वेळी रंग, वेळच्या वेळी दुरुस्ती. माझे लाड झाले म्हणा ना.

त्याच सुमारास इंजिनाच्या तेलपाण्याला एक माणूस आला. नुकतंच लग्न झालेला, बोलायला लाजाळू. पुढे तो मिस्त्री झाला आणि सगळे त्याला मिस्त्रीच म्हणू लागले. माझं इंजिन किल्ली फिरवून चालू होत नाही. टाकीत दाबून भरलेली हवा त्यात एकदम सोडावी लागते, तेव्हा कुठे ते जागं होतं. हवा सोडण्याआधी मिस्त्री हळूच म्हणायचा, “चल गं बाई.” आणि मी निघायचे. त्याचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

पहिला मालक गेला आणि मी दोन भावांकडे आले. त्यांनी माझ्या नावावर रंग फासून दुसरं नाव लिहिलं. एक म्हणायचा चालवू, दुसरा म्हणायचा विकू. त्या ओढाताणीत सिमेंट वाहून माझा श्वास कोंडला. शेवटी विकणारा जिंकला. तिसरा मालक तर मी पाहिलाच नाही. तो नुसता फोनवर असायचा. त्यानेही नाव बदललं. मिस्त्री मात्र तोच राहिला. “सामानाबरोबर मलाही विकतात,” असं तो थट्टेने सांगायचा.

मग एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकलेला असताना त्या मालकाचा फोन लागेनासा झाला. तेल संपत आलं, पीठ संपलं. थकलेल्या पैशांपायी बंदरवाल्यांनी कोर्टाकडून मला जप्त करवलं. कोर्टाचा माणूस येऊन म्हणाला, बाकीचे घरी जाऊ शकतात, पण जहाज रिकामं सोडता येणार नाही. विकलं जाईपर्यंत एकाने थांबायचं. कप्तानाने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

“मी थांबतो,” मिस्त्री म्हणाला. “हिचं इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.”

त्याला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न. बाकीचे अशा घाईने शिडी उतरले की स्वयंपाक्याची चप्पल डेकवरच राहिली.

महिने उलटत गेले. पाण्याची बोट यायची, शिधा टाकून जायची. मिस्त्री सकाळी इंजिन पुसायचा, संध्याकाळी पुन्हा पुसायचा, आणि फोनला थोडा जीव आला की बायकोशी बोलायचा. तिचे डोळे चालले होते. एकदा ती म्हणाली, “माणसं आता सावलीसारखी दिसतात हो. थोडं दिसतंय तोवर या. तुमचा चेहरा एकदा बघून घेऊ दे.” तो म्हणाला, “गिऱ्हाईक आलं की निघालोच.” फोन ठेवून तो खाली आला आणि इंजिनाशी तोंड लपवून रडला. मी एवढी मोठी, पण त्याला जवळ घ्यायला मला हात नव्हते.

अखेर गिऱ्हाईक आलं. भंगारवाला होता. त्याने हातोडीने माझे पत्रे ठोकून पाहिले आणि लगेच नेतो म्हणाला. कोर्टाच्या माणसाचीही तयारी होती. आता सुटला बिचारा, असं मला वाटलं. तेवढ्यात भंगारवाला सहज बोलून गेला, “इंजिन तर केव्हाच मेलं असेल.”

ते मिस्त्रीला झोंबलं. “मेलं? खाली चला.” त्याने हवा सोडली, आणि मी मूर्ख, सवयीने एका दमात सुरू झाले. कोर्टाचा माणूस चमकला. चालतं जहाज भंगारात कसं द्यायचं, म्हणाला. आता बंदराचा इंजिनियर तपासून सांगेल, मग चालवणारा मालक शोधू. माझ्या वयाच्या जहाजाला चालवणारा कोण भेटतो? ते गेल्यावर मिस्त्रीने कपाळ बडवून घेतलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो पाना घेऊन इंजिनापाशी आला. एक बोल्ट ढिला केला. मग तोच बोल्ट पुन्हा आवळून, पुसून वर निघून गेला. त्याच्या हातून ते होईना.

मग मीच केलं. लोखंडाला दुसरं काय येणार? गळणं तेवढं येतं. हवेच्या टाकीचा जुना वॉल्व मी सैल सोडला, आणि माझा सगळा श्वास हळूहळू जाऊ दिला. पुन्हा हवा भरण्याइतकं तेल उरलंच नव्हतं.

इंजिनियर आला. मिस्त्री म्हणाला, “चल गं बाई.” मी जागची हलले नाही. त्याने पुन्हा म्हटलं. सगळा जीव एकवटून मी गप्प राहिले. इंजिनियरने मान हलवली आणि भंगारवाला हसला.

“आयुष्यभर सांभाळली,” मिस्त्री त्यांना म्हणाला, “आणि चारचौघांत माझं नाक कापलं हिने.”

त्याच दुपारी तो सुटला. पिशवी खांद्याला लावून शिडी उतरला. बोटीत बसल्यावर त्याने माझ्याकडे पाठ केली.

आता मी एका किनाऱ्यावर चिखलात पडले आहे. गॅसच्या ज्योतीने मला कापताहेत. माझंही नाक काल गेलं. आज ते इंजिनाच्या खोलीपर्यंत पोचतील. तो वेळेत घरी पोचला की नाही, हे मला कळायचा आता काही मार्ग नाही. पण नखांत काळं तेल बसलेला एखादा म्हातारा तुम्हाला कुठे भेटला, आणि जहाजाचा विषय निघताच तो गप्प झाला, तर तेवढं त्याला माझ्या वतीने सांगा. म्हणावं, इंजिन चांगलं होतं.