बुधवारचा वाडगा

मी बस डेपोत गाड्या सोडते. कोणती बस कधी निघणार, कोणी दांडी मारली तर त्याच्या जागी कोण जाणार, हे सगळं माझ्या खिडकीतून ठरतं. दिवसभर आडदांड ड्रायव्हरांना हाकून घरी आले की ओट्याशी रेंगाळायचा मला उत्साह नसतो आणि अर्धपोटी झोपायचीही तयारी नसते. म्हणून कामाच्या दिवशी आमच्याकडे वाडगा असतो. भात लावायचा, तो होईपर्यंत कढईत खिमा परतायचा, घरात असेल ती भाजी चिरून त्यात टाकायची आणि सगळं गरम भातावर घालायचं. वरून पातीचा कांदा आणि मिरपूड. एक वाडगा, एक चमचा, घासायला भांडी कमी. भाताच्या विजेवरच्या कुकरचं बटण टक्कन वर येतं तेव्हा माझी कढई तयार असते. या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये.

नवरा म्हणतो, याच काय, कुठल्याच बाबतीत येऊ नये. बोलू देत. जेवताना त्याची मान वाडग्यातून वर येत नाही, ते मी बघते ना.

तर या वाडग्यावर माझ्या सासऱ्यांचं घर टिकणार की जाणार, हे ठरायची वेळ आली.

सासूबाई गेल्यावर बाबा त्यांच्या घरी एकटेच राहिले. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. बाबा सुतार. काम कधीच थांबवलं असलं तरी मागच्या खोलीत त्यांचा कामाचा ठोकळा, लाकूड आवळून धरायचा शिकंजा, रंधे सगळं जागच्या जागी. गल्लीतल्या कोणाची खुर्ची डुगडुगली की ती बाबांकडे येते आणि गुमान चार पायांवर उभी राहून परत जाते. माणूस खुशीत होता. फक्त जेवत नव्हता. आम्ही डबा पाठवला की "फार होतं गं" म्हणायचे आणि चहा-टोस्टवर दिवस काढायचे.

हे पकडलं माझ्या नणंदेनं. ताईंचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे कुठेही गेल्या की आधी तारखा बघतात. त्यांनी बाबांचा फ्रिज उघडला, तर आत कधीकाळचं लोणी आणि एक सुकलेलं लिंबू. मग त्यांचं लक्ष बाबांच्या पट्ट्याकडे गेलं. बाबांनी पट्ट्याला ड्रिलनं एक नवीन भोक पाडलं होतं. अगदी गोल, कडा घासून, सुताराला शोभेल असं.

"बस झालं," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे चला. लेक शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. मी पडदेसुद्धा बदललेत."

ताई एकट्याच राहतात, तिसऱ्या मजल्यावर. घर छान आहे, झाडूनपुसून लख्ख. पण तिथे ठोकळा कुठे ठेवणार आणि रंधा कुठे फिरवणार? बाबा त्या घरात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहिले असते. मला ते डोळ्यांसमोर दिसलं.

"मी स्वयंपाक शिकतो," बाबा म्हणाले.

ताई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाबा, तुम्हाला चहाखेरीज काय येतं?"

"शिकवीन मी," मी मध्येच बोलले. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

ठरलं ते असं: पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारी ताई दुकान बंद करून थेट बाबांकडे येणार. बाबांनी एकट्यानं, कोणाच्या मदतीशिवाय, गरम जेवण समोर ठेवायचं. जमलं तर तो विषय बंद. नाही जमलं तर सामान बांधायचं. "आणि तू," ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू खुर्चीत बसायचंस. एक शब्द जरी सांगितलास तरी धरणार नाही."

शिकवणी सुरू झाली. मी म्हटलं, बाबा, आधी गाजर चिरू. बाबांनी सुरी हातात घेतली, अंगठ्यानं धार बघितली आणि तोंड वाकडं करून मागच्या खोलीत गेले. बराच वेळ गेला धार लावण्यात. मग गाजर कापायला घेतलं. प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा, कोनात कोन. एखादा जरासा वाकडा आला तर बाजूला काढून ठेवत होते.

"बाबा, आपल्याला जेवायचंय, कपाट करायचं नाहीये!"

"वाईट दिसतं गं."

"पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

ते पटायला त्यांना बरेच दिवस लागले. खिम्याचं तर विचारू नका. खिमा कढईत पडला की बाबांचा हात चालू. सारखं ढवळ ढवळ. त्यामुळे खिम्याला पाणी सुटायचं आणि तो करडा होऊन शिजत बसायचा. मी सांगितलं, आच मोठी करा, खिमा पसरा आणि हात लावू नका. खालून लाल होऊ द्या, चुरचुर आवाज बदलू द्या, मगच उलटा. बाबा शाळेतल्या मुलासारखे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा खिम्याला रंग आला आणि त्यांच्या चेहऱ्यालाही.

चव बघायला मात्र ते तयार होईनात. कढईतलं चमच्यानं काढून तोंडात टाका म्हटलं, तर मी चोरी करायला सांगितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी ओट्याशी उभं राहून काही खाल्लं नव्हतं. सासूबाई ताटात वाढायच्या आणि मीठ बरोबरच असायचं. शेवटी एकदा त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कमी आहे." मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या पाठीत धपाटाच घातला. सासऱ्याच्या पाठीत! ते काही बोलले नाहीत, मीठ घालत राहिले.

बुधवार उजाडला. मी डेपोतून लवकर निघाले, नवऱ्याला वाटेत बरोबर घेतलं आणि बाबांच्या स्वयंपाकघरात जाऊन खुर्ची पकडली. बाबांनी सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं. खिमा, आलं-लसूण, गाजर, फरसबी, कोबी, सोया सॉस, व्हिनेगर. अंगात स्वच्छ शर्ट. चेहऱ्यावर जराही घाबरल्याची खूण नाही. घाबरलो होतो आम्ही दोघं.

बाबांनी तांदूळ धुतले, कुकरच्या भांड्यात पाणी मापून घातलं, झाकण लावलं, प्लग लावला. एवढ्यात दारावरची बेल वाजली. ताई वेळेआधीच आल्या होत्या. बाबा हात पुसत दार उघडायला गेले आणि ताईंना घेऊन आत आले. ताई कुकरकडे पाठ करून टेबलाशी बसल्या, पर्स मांडीवर. बाबांनी कढई चढवली.

आणि मला दिसलं, कुकरचा लाल दिवा लागलेलाच नव्हता. बटण दाबायचं राहिलं होतं.

एक शब्द पुरला असता. 'बाबा' एवढंच म्हणून मान वळवली असती तरी चाललं असतं. पण मग ताईंनी तिथेच निकाल लावला असता. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही दिसलं होतं. त्यानं माझा हात असा दाबून धरला की बांगडी रुतली. रोज शंभर माणसांवर ओरडणारी मी, तोंडात गुळणी धरून बसले. एवढं अवघड काम मी डेपोतही कधी केलेलं नाही.

इकडे बाबा झोकात होते. खिमा पसरला, हात मागे बांधले. लाल झाल्यावर उलटला. आलं-लसणाचा वास खोलीभर झाला. गाजर, फरसबी पडली, शेवटी कोबी. चमच्यानं चव घेतली, थोडं मीठ, थोडं व्हिनेगर, पुन्हा चव. ताईंची नजर त्या चमच्यावरून हटत नव्हती. मग बाबांनी गॅस बंद केला, चार वाडगे घेतले, कुकरचं झाकण उघडलं.

आत थंड पाण्यात तांदूळ.

ताईंनी मागे वळून बघितलं आणि त्यांना कळलं. मला वाटलं, संपलं.

बाबा कुकरकडे बघत राहिले. मग शीळ घालू लागले. नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "फळी आखूड कापली गेली की ते असंच करतात." बाबांनी किटलीत पाणी उकळत ठेवलं, तांदळातलं पाणी निथळून टाकलं, मोठं पातेलं काढलं. पाण्याला उकळी आल्यावर ते पातेल्यात ओतून मोठ्या आचेवर तांदूळ वैरले. "भिजलेत, आता वेळ नाही लागणार. शिजले की पाणी काढून टाकायचं."

हे मी शिकवलं नव्हतं. मला भाताची पेज काढत बसायची हौस कधीच नव्हती.

"हे कुठून आलं?" ताईंनी विचारलं.

"वीज गेली की तुझी आई असंच करायची. मी दारात उभा राहून बघायचो, कधी एकदा वाढते म्हणून." बाबांनी एक काकडी घेतली, पटापट वाकडेतिकडे तुकडे केले, मीठ टाकलं आणि बशी ताईंच्या पुढ्यात सरकवली. "तोवर हे खा. तोंड सुकलंय तुझं. दुपारी काय जेवलीस?"

"खाल्लं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

ताई काकडी चावत राहिल्या. "गिऱ्हाईक हलत नव्हतं बाबा. लहान मुलांचं ग्लुकोज असतं ना दुकानात, ते पाण्यात घालून प्यायले."

"आणि काल?"

ताईंनी पुन्हा हात पुढे केला. बशीतली काकडी बघता बघता संपली होती, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गालफडं बसली होती, आणि आम्ही सगळे महिनाभर बाबांच्या पट्ट्याकडे बघत बसलो होतो.

बाबांनी भाताचं शीत दोन बोटांत चेपून पाहिलं, पातेल्यावर झाकण धरून पाणी ओतून टाकलं. मोकळा, पांढराशुभ्र भात. वाडग्यात भात, वर खिमा, वर पातीचा कांदा. पहिला वाडगा ताईंना. तो भरलाही बाकीच्यांपेक्षा जास्त, उघड उघड, आमच्या डोळ्यांदेखत.

ताईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग चमचा थांबलाच नाही. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी तो पुढे केला आणि बाबांनी पुन्हा भरला. खिमा चांगला झाला होता, खरंच. मिरपूड माझ्याहून जरा जास्त होती. त्याबद्दल मी नंतर बोलणार होते.

"बटण राहिलं होतं," ताई म्हणाल्या. आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता.

"राहिलं होतं," बाबा म्हणाले. "पुढे पण कधी राहील. भात खायला घालीन, एवढं नक्की."

"मग तुम्ही येणार नाही."

"नाही गं."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "मला वाटलं होतं, तुम्ही याल. मी दुकान बंद करून घरी पोचते तेव्हा सगळा अंधार असतो बाबा. वाटलं, तुम्ही असलात तर आत दिवा तरी लागलेला असेल. रांधायचा कंटाळा येतो एकटीला. कोणासाठी करायचं?" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. पडदे बाबांसाठी बदलले होते, असंच आम्ही सगळे समजत होतो.

बाबांनी आपला हात ताईंच्या डोक्यावर ठेवला. रंधा धरून धरून जाड झालेला हात. तो तिथेच राहू दिला.

"बुधवारी येत जा," नवरा म्हणाला. तो बोलतो थोडं, पण बरं बोलतो. "दुकानातून सरळ इकडे. आम्ही पण येऊ."

"आणि बाकीच्या दिवशी?" ताईंनी विचारलं. लहान मुलगी विचारते तसं विचारलं.

"बाकीच्या दिवशीही ये," बाबा म्हणाले. "मी काही फक्त बुधवारी जेवत नाही."