दोन किरण आणि एक खुर्ची

मोजणी १.
नखाएवढ्या चिपमधून दोन लेसर किरण निघतात, वारंवारतेत किंचित फरक असलेले. पडद्यावर दोघांच्या गोंगाटाच्या दोन रेषा. दोन्हींवर एकाच जागी नको असलेला सुळका. पाचच्या आत स्वच्छ रेषा पाठवल्या नाहीत तर हे टेबल शेजारच्या गटाला जाणार. साडेतीन वाजलेत.

मोजणी २.
चिपला उजेड पुरवणारा पंप-लेसर बदलला. सुळका आहे.

वजाबाकी.
एका किरणातून दुसरा वजा केला की सुळका गायब. म्हणजे दोघांना एकदमच कोणीतरी हलवतंय. नुसती वजाबाकी पाठवली तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण मागितल्यात दोन्ही रेषा, वेगवेगळ्या.

मोजणी ३.
पंखा बंद. मोबाईल बाहेर. मीही बाहेर. सुळका आहे.

दारातून दिसलं.
टेबल हवेच्या पायांवर तरंगतं. त्याला कशानेही टेकायचं नाही, हा मास्तरचा नियम. मास्तर म्हणजे माझा सोबती. चार वर्षं खपून आम्ही दोघांनी हे उभं केलं. 'दोन आठवड्यांत येतो' म्हणून गेला, त्याला सात महिने झाले. त्याची खुर्ची मी होती तशीच ठेवली. तो बसला की ती दबायची. आता रिकामी, म्हणून वर आलीय, आणि तिचा हात टेबलाला खालून टेकलाय. जमिनीची सगळी थरथर तिथून वर चढतेय.

मोजणी ४.
मी तिच्यात बसले. पण मोजणीचं बटण टेबलाच्या पलीकडे. हात पुरेना.

"मावशी, जरा इथे बसता?"
झाडू भिंतीला लावत मावशी आत आल्या. "बस म्हणणारी तू पहिलीच गं."
"हलू नका फक्त."
"श्वास घेऊ की तोही नको?"

मोजणी ५.
दोन्ही रेषा सपाट. मावशी उठल्या. सुळका परत.

"अगं, मग खुर्चीच सरकव की."
मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.
त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काही रोज यायची नाही हं बसायला," हळूच म्हणाल्या आणि झाडू घेऊन गेल्या.

मावशींची मोजणी चालली असती. 'पाठवा' बटणावर बोट होतं. पण उद्या?

मोजणी ६.
खुर्ची चार बोटं मागे. तेवढीच. खाली फरशीवर चाकांचे पाच गोल डाग, धूळ न बसलेले.
रेषा सपाट. चार पन्नासला पाठवल्या.

टेबल राहिलं.