वीस फूट पाणी

जानेवारीत पंचगंगेकडे कोण ढुंकून बघत नाही. नदी पार खाली गेलेली असते, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात. पण चिमणाबाईंच्या डोक्यात राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे फूट बाराही महिने असत. एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. पावसाळ्यात सारा जिल्हा चहाच्या आधी हेच आकडे विचारतो. चिमणाबाईंनी ते अंगावर झेलले होते. शिरोळकडच्या सासरच्या घरातून पुरानं त्यांना तीनदा उठवलं. दोन हजार पाच साली पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा भावाचा आईवेगळा पोर, सहा वर्षांचा विश्वजित, त्यांच्या कडेवर होता. तिसऱ्या पुरानंतर भिंतीवरचा गाळ खरवडता खरवडता त्यांचे हात थांबले, ते त्या घरात परत चाललेच नाहीत. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. भाऊ जोतीराम टेम्पो घेऊन आला आणि फुलेवाडीतल्या आपल्या घरी त्यांना घेऊन गेला.

कडेवरचा तो विश्वजित आता मालवाहू जहाजावर खलाशी होता. जोतीराम कागलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीत दुसरा विषय काढत नसे.

एका दुपारी जोतीराम पेठ वडगावला बारशाला गेलेला असताना विश्वजितचा फोन आला, आणि तोही चिमणाबाईंच्या साध्या फोनवर. जहाज कोलंबोला उभं होतं. त्याचे नऊ महिने भरले होते, पण बदली माणूस आला नव्हता. उतरायचं तर इथंच उतर, नाहीतर मॉरिशसची एक फेरी कर, असं कप्तानानं सांगितलं होतं. उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. वाटेत विषुववृत्ताच्या खाली वादळ तयार होत होतं.

“लाटा सहा मीटर सांगत्यात, आत्ती. जाऊ काय?”

“मीटर कुणाला कळतंय? फुटात सांग की.”

“वीस.”

चिमणाबाईंना हसूच आलं. वीस फुटाला नुसता बंधारा बुडतो, त्याला कोण पूर म्हणतं?

“वीस फुटात आमची म्हसरं डुंबत्यात. मी पंचावन्न बघितल्यात. जा की खुशाल.”

मग तो “बरं” म्हणाला, जेवलीस काय म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

जोतीराम परत आला तोवर त्याच्या फोनवर मुलाचा निरोप येऊन पडला होता, पुढच्या फेरीला थांबतोय म्हणून. तो खूश झाला. रोज चहाच्या वेळी तो फोनवर समुद्राचा नकाशा बघायचा. शांत पाणी निळं, खवळलेलं पिवळं, त्यापुढं लाल. आज अरबी समुद्र निळा होता, बंगालचा उपसागर निळा होता, आणि खाली एक लाल भोवरा बसला होता.

“वीसच फूट हाय की,” चिमणाबाई म्हणाल्या.

जोतीरामनं बशी खाली ठेवली. “अक्का, नदीचं फूट तळापासनं मोजत्यात. समुद्राचा तळ कुठं बघितलायस? हे वीस म्हंजे लाटंच्या खड्ड्यापासनं माथ्यापतूर. दोन मजली घर. जहाज त्यावर चढायचं, आणि पलीकडं खड्ड्यात पडायचं. दहा सेकंदात दुसरं घर उभं.”

मग तो हसत म्हणाला, “पोरगं वाघ हाय. माहीत असून थांबलाय.”

चिमणाबाईंनी लगेच विश्वजितला फोन लावला. लागला नाही. रात्री परत लावला. जहाज सुटलं होतं.

त्यानंतरचे दिवस त्यांना ढकलावे लागले. पुरात निदान काम असतं; धान्य माळ्यावर चढवा, म्हसरं सोडा, शेजारणीला हाक मारा. इथं नुसतं बसायचं. भाकरी थापताना हात जड व्हायचे. ज्या माणसानं कधी स्मार्टफोन हातात धरला नाही ते माणूस दिवसातून चारदा “नकाशा दाव” म्हणू लागलं. भोवरा रोज थोडा पश्चिमेला सरकायचा. वारा किती, पाऊस किती, सगळं लिहिलेलं असायचं. नकाशावरचा विश्वजितच्या जहाजाचा ठिपका मात्र तिसऱ्या दिवसापासून हललाच नव्हता. समुद्राच्या मधोमध असंच होतं, खबर मिळत नाही, असं जोतीराम सांगायचा. पण त्याचाही चहा निवायला लागला होता.

पाचव्या दिवशी चिमणाबाईंनी सांगून टाकलं. त्यानं मला विचारलं होतं, मीच जा म्हणाले, नदीचे फूट समजून.

जोतीराम ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. तो बराच वेळ चपलेचा अंगठा दुरुस्त करत राहिला.

“मला का न्हाय इचारलं त्यानं?”

“तू जाच म्हणाला असतास म्हणून.”

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुणी पोराची चौकशी केली, तर “हाय बरा” एवढंच म्हणून जोतीराम आत आला.

नवव्या दिवशी सकाळी चिमणाबाई पीठ मळत होत्या तेव्हा त्यांचाच फोन वाजला. विश्वजितचा आवाज बसला होता. जहाज मॉरिशसला लागलं होतं. दोन दिवस कुणाला उभं राहता आलं नव्हतं, जेवण चुलीवर टिकत नव्हतं, एकाचा हात मोडला. त्याला स्वतःला काही झालं नव्हतं. हे सगळं त्यानं दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगितलं.

“बदली अजून न्हाय आली. परत पुढच्या फेरीचं इचारायल्यात. काय सांगू?”

चिमणाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला.

“मला समुद्रातलं काय बी कळत न्हाय. तवा बी कळत नव्हतं, उगा बोलून गेले. तू एवढं सांग, भ्या वाटतंय काय तुला?”

मागं कसली तरी यंत्रं चालली होती.

“लय, आत्ती. तवापासनंच.”

“मग ये घरला.”

जोतीराम दारात उभा होता. त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. तो काय बोलतो याची त्यांना भीती वाटत होती, पण ती भीती धरून ठेवण्याचीही ताकद उरली नव्हती. जोतीरामनं फोन कानाला लावला, घसा साफ केला.

“मुंबईला उतरणार का पुण्याला? मी येतो न्यायला,” तो म्हणाला.

चिमणाबाईंनी परात झाकली आणि भर सकाळी, चूल तशीच टाकून, आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या.