यंत्रांचा ढीग

"माझा यंत्रांचा ढीग कोणी उचलला?" आर्डिथने विचारलं. शब्दकोशाच्या आमच्या कचेरीत एवढ्या मोठ्याने कोणी बोलत नाही.

नऊ आठवडे ती 'रन' या एकाच शब्दावर होती. माणसं धावतात, नाक गळतं, यंत्र चालतं, उमेदवार निवडणूक लढवतो. इंग्रजीत सगळ्याला हाच शब्द. दर अर्थाची उदाहरणं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा तिच्या टेबलावर वेगळा ढीग होता. चार वाजेपर्यंत नवी नोंद छापखान्यात गेली नाही, तर जुनीच छापली जाणार होती. तीन वाजून गेले होते.

चिठ्ठ्या नेणाऱ्याने जागेवर आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं, हा नियम. विज्ञानाचे अर्थ मी तपासते, म्हणून सकाळी 'यंत्र चालतं' या अर्थाचा ढीग मीच नेला होता. कार्ड ठेवलं नव्हतं.

"माझ्याकडे आहे," मी उठून म्हणाले.

"नव्या पोरींना कार्डावरून झापतेस ती तूच ना, विल्मा?"

"हो."

"मग बस इथे. तू वाच, मी लिहिते."

चार वाजायला दोन मिनिटं असताना तिने शेवटचा कागद छापखान्याच्या माणसाच्या हाती दिला. मला ती 'जा' म्हणाली नाही, म्हणून मी तिथेच बसून राहिले.