चिखलीपर्यंत कासारी

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर तुम्ही पाय बुडवता, तेव्हा त्या पाण्यात थोडी मीही असते. मी कासारी. नाव ऐकून काहींना बांगड्या आठवतात. माझा त्यांच्याशी संबंध एवढाच, की माझ्या दगडांवर धुणं आपटताना पुष्कळ फुटल्या.

माझं माहेर विशाळगडाच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथं एकाच ढगाचं पाणी डोंगराच्या धारेवर पडून दोन वाटांना लागतं. पश्चिमेला सांडलेलं कोकणात उतरून लगेच समुद्र गाठतं. पूर्वेला सांडलेलं माझ्या वाट्याला येतं आणि पठारावरून हिंडत पार दुसऱ्या समुद्राला जातं. कुठं पडायचं, हे थेंबाला कुणी विचारत नाही. स्थळ ठरलेलंच असतं.

जिथून जिथून पाणी माझ्याकडं उतरतं, ते ओढे, झरे, उतारावरची शेतं, सगळा माझा पाणलोट. माणसं माझी रुंदी पुलावरून बघतात. खरी केवढी आहे, ते वर डोंगरात कळतं. तिथं पाऊस झाला, की खाली लख्ख ऊन असतानाही मी चढते.

प्रयाग चिखलीला मला भोगावती भेटते, कुंभी आणि तुळशीला आधीच पोटात घेऊन आलेली. पाचवी सरस्वती. ती कुणाला दिसलेली नाही, तरी मोजतात. तिथून पुढं आम्ही सगळ्या पंचगंगा. नृसिंहवाडीला तेही नाव जातं, कृष्णा होते. मला वाटायचं, ही रीत नद्यांचीच.

मग चिखलीच्या अलीकडच्या गावात भैरवी सून होऊन आली. लग्नात परातीतल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, वर्षाराणी. सासूबाईंनी, धोंडुबाईंनी निवडलेलं. मुलगी कमी बोलणारी.

यंदा तिची पहिली गौर. बायका तांब्या आणि तेरडा घेऊन पाणवठ्यावर आल्या. गौर म्हणून पुजायचा तो तेरडा धुवायला भैरवी पायऱ्यांच्या पुढं, खडकावर उतरली. वर घाटात रात्रभर कोसळलं होतं. ते पाणी नेमकं तेव्हा पोचलं. खडक आणि पायरीमधून मी वाहायला लागले. माझं मलाच आवरेना.

"वर्षाराणी! वर ये, पाणी चढाय लागलंय!" धोंडुबाई ओरडल्या.

ती पाठमोरी, तेरड्याची मुळं धूत राहिली.

"वर्षाराणी! बहिरी हाईस व्हय गं?"

शेजारची अंबूबाई म्हणाली, "अक्का, तिला वाटतंय दुसऱ्या कुणाला तरी बोलावताय."

पाणी खडकावर चढलं. भैरवीचा पाय सरकला. धोंडुबाईंचा आवाज फाटला, "भैरवीऽऽ!"

ती झटक्यात वळली. सासूनं गुडघाभर पाण्यात शिरून तिचं मनगट धरलं आणि ओढून पायरीवर घेतलं. तेरडा माझ्याबरोबर आला.

"घसा बसला की माझा! वळली का न्हाईस?"

"मला हाक मारताय हे कळलंच नाही, आत्ती."

धोंडुबाई मटकन खाली बसल्या. "नाव ठेवलं ते हाक मारायला, का तुला बुडवायला?"

"तुम्हीच ठेवलंय, आत्ती."

"आता मलाच नावं ठेव!"

बायका हसल्या. धोंडुबाई नाही हसल्या. सुनेचं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"परातीतलं नाव परातीत ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "भैरवी, तांब्या भर. हितनंच, पायरीवरनं."

मी पुढं गेले. चिखलीला भोगावती आली आणि माझं नाव गेलं, नेहमीसारखं. त्याची तक्रार नाही. घाटावर तुम्ही मला पंचगंगा म्हणा, हात जोडा. पण पाणी अचानक चढलं, आटलं, काळं पडलं, मासे उलटे तरंगले, तर तिथंच उभं राहून तिला विचारू नका. ती चौघींकडं बोट दाखवेल. चिखलीच्या वर या आणि मला माझ्या नावानं हाक मारा. डोंगरात काय तुटलं, काठावर कुणी काय सोडलं, ते कासारीलाच माहीत आहे.